५३ जादा नोंदी: झेनॉन-१टी मधल्या एका उंचवट्याचं प्रकरण

१७ जून २०२० रोजी झेनॉन-१टी प्रयोगाच्या गटाने एक आलेख जाहीर केला. द्रवरूप झेनॉनमध्ये कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं आणि अजून न ओळखलेलं द्रव्य, शोधणारा हा प्रयोग. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्या अक्षावर यंत्राने टिपलेल्या धडकांची, म्हणजे नोंदींची, संख्या. १ ते ७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) पट्ट्यात २३२ नोंदी अपेक्षित होत्या, मिळाल्या २८५. वरच्या ५३ नोंदी कुठून आल्या, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर, तेही अर्धंच, मिळायला दोन वर्षं लागली, आणि ते मिळवण्यासाठी एक नवं यंत्र चालवावं लागलं.

उत्तराचे उमेदवार सुरुवातीपासून उघड होते. सूर्याच्या गाभ्यातून निघणारे ॲक्सिऑन, म्हणजे आजवर कोणी न पाहिलेला कण. किंवा न्यूट्रिनो या जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणाचं चुंबकी आघूर्ण, म्हणजे त्याच्यातलं चुंबकपण, अपेक्षेपेक्षा खूप मोठं असणं. किंवा मग अगदीच रूक्ष शक्यता: झेनॉनमध्ये किलोमागे तीनेक अणू ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) मिसळलेलं असणं. पहिल्या दोन शक्यतांवर बातम्या झाल्या. या लेखात जास्त जागा तिसरीला आहे, कारण क्षीण संकेत शोधण्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते तिच्यात दिसतं.

यंत्र काय पाहतं

इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, सुमारे १४०० मीटर खडकाखाली, एका मोठ्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र बसवलं होतं. खडक वैश्विक किरण अडवतो, पाणी आसपासचा किरणोत्सर्ग. मधल्या पात्रात ३.२ टन झेनॉन उणे ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूपात ठेवलेला. त्यातला २ टन भाग प्रत्यक्ष निरीक्षणाखाली, वर आणि खाली मिळून २४८ प्रकाशगुणक नळ्यांच्या, म्हणजे अगदी क्षीण प्रकाशही टिपणाऱ्या नळ्यांच्या, नजरेत.

एखादा कण झेनॉनच्या अणूवर आदळला की लगेच अतिनील प्रकाशाची छोटी चमक उमटते. हा पहिला संकेत. त्याच धडकेत काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युत क्षेत्र त्यांना वर ओढत नेतं, द्रवाच्या पृष्ठभागाबाहेर वायूत खेचतं, आणि तिथे दुसरी, बरीच मोठी चमक होते. दोन चमकांमधल्या वेळेवरून धडकेची खोली कळते, वरच्या नळ्यांवर पडलेल्या प्रकाशाच्या ठशावरून जागा कळते. दोन्ही चमकांचं गुणोत्तर आणखी एक गोष्ट सांगतं: धक्का अणुकेंद्रकाला बसला की इलेक्ट्रॉनला. यंत्र मुळात बांधलं होतं ते कृष्णद्रव्याच्या जड कणांसाठी, आणि ते केंद्रकाला धक्का देतील अशी अपेक्षा होती. आपल्या ५३ नोंदी मात्र इलेक्ट्रॉनांच्या गटातल्या. त्या गटाला कृष्णद्रव्याच्या मुख्य शोधात गाळच समजलं जातं.

संकेत किती बारीक असतो ते आकड्यांत पाहू. झेनॉनमध्ये प्रकाशाचा एक कण किंवा एक सुटा इलेक्ट्रॉन तयार व्हायला सरासरी १३.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या धडकेतून दोन्ही मिळून १४५ च्या आसपास कण निघणार. त्यातल्या प्रकाशकणांपैकी दर सात-आठांत एखादाच नळ्यांमध्ये मोजला जातो. पहिल्या चमकेतून हातात येतात ते बोटांवर मोजण्याइतके प्रकाशकण. त्यात प्रत्येक नळी मिट्ट अंधारातही अधूनमधून आपोआप स्पंद देते. म्हणून अट अशी ठेवली होती की किमान तीन नळ्यांनी ५० नॅनोसेकंदांच्या आत एकत्र साक्ष दिली तरच चमक खरी मानायची. या अटीमुळे खोट्या नोंदी गळतात, पण १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली खऱ्या नोंदीही झपाट्याने गळू लागतात.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कमी ऊर्जेकडे चढत जाणारा कोणताही वर्णपट (कुठल्या ऊर्जेला किती नोंदी, याची रेषा) या यंत्रातून पाहिला की डाव्या टोकाला कापला जातो, आणि उरतो तो २-३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक उंचवटा. शिवाय इतक्या कमी ऊर्जेला मापनच पसरट असतं. ॲक्सिऑन, न्यूट्रिनो, ट्रिटियम, तिघांचे मूळ वर्णपट वेगवेगळे असूनही पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात ते यामुळे.

गोंगाट म्हणजे खरा किरणोत्सर्ग

गोंगाट म्हटलं की इलेक्ट्रॉनिक खरखर डोळ्यांसमोर येते. इथे तसं नाही. इथला गोंगाट म्हणजे खऱ्याखुऱ्या कणांच्या खऱ्याखुऱ्या धडका, फक्त नको असलेल्या. १ ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात दर टनामागे, दर वर्षी, दर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ७६ नोंदी, हा झेनॉन-१टीचा पार्श्वभूमीचा दर. त्या वेळी अशा यंत्रांमध्ये तो सर्वांत कमी होता.

त्यातला मोठा वाटा शिसे-२१४ चा. पात्राच्या पोलादात आणि इतर सुट्या भागांत युरेनियम लेशमात्र असतंच. त्याच्या साखळीत रेडॉन-२२२ तयार होतो, वायू असल्यामुळे धातूतून झिरपतो आणि झेनॉनमध्ये विरघळतो. तिथे तो फुटत फुटत शिसे-२१४ पर्यंत पोचतो, आणि शिसे-२१४ इलेक्ट्रॉन सोडतं. भिंतीतून येणाऱ्या गॅमा किरणांपासून सुटका सोपी आहे: बाहेरच्या थराला कवच म्हणून सोडून द्यायचं आणि मधलेच १.०४ टन हिशेबात धरायचे. पण रेडॉन मधल्या भागातही तेवढाच असतो, त्यामुळे ही युक्ती त्याच्यापुढे चालत नाही. क्रिप्टॉन-८५ चीही तीच अडचण. तो ऊर्ध्वपातनाने बराचसा काढला होता.

पार्श्वभूमीच्या प्रतिकृतीत एकूण दहा घटक होते. त्यातला एक झेनॉन-१२४: या समस्थानिकाचं केंद्रक दोन इलेक्ट्रॉन एकदम गिळतं, आणि त्याचं अर्धायुष्य १.८ गुणिले १० चा २२ वा घात इतकी वर्षं आहे. हा ऱ्हास याच यंत्राने २०१९ मध्ये प्रथम प्रत्यक्ष मोजला होता. वर्षभरात तो शोध कोष्टकातली एक ओळ होऊन बसला.

दहाही घटक जमेस धरून, फेब्रुवारी २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळातल्या २२६.९ दिवसांच्या मोजणीवर प्रतिकृती बसवली. वरच्या ऊर्जेला ती छान बसली. फक्त डाव्या टोकाला बिंदू रेषेच्या वर राहिले.

झडती

पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. यंत्र कमी ऊर्जेला नोंदी चुकीच्या मोजत असेल तर? यासाठी गटाने रेडॉन-२२० मुद्दाम सोडून घेतलेली मोजमापं काढली. त्याच्या साखळीतलं शिसे-२१२ इलेक्ट्रॉन सोडतं, तोही सलग वर्णपटात. तीच गणितं, त्याच अटी, तोच ऊर्जापट्टा. आणि तिथे उंचवटा नाही. म्हणजे मोजणीची साखळी ठीक होती.

मग शिसे-२१४ च्या वर्णपटाचा आकार. कमी ऊर्जेला अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीमुळे तो थोडा वर जातो. गटाने तो नव्याने काढला. उंचवट्याचा सगळा भार एकट्या या आकारावर टाकायचा तर २-३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला हिशेब सुमारे ५० टक्क्यांनी चुकलेला असायला हवा. गणितातली अनिश्चितता त्याच्या जवळपासही नव्हती.

आर्गॉन-३७ हा चांगला संशयित होता. त्याची रेषा २.८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पडते. पण त्याचं अर्धायुष्य ३५ दिवसांचं. झेनॉनसोबत सुरुवातीला आलेला आर्गॉन मोजणीपर्यंत उरलेला नसणार. हवेच्या गळतीतून येत राहिला म्हणावं, तर हवेत क्रिप्टॉनही असतो, आणि क्रिप्टॉन वेळोवेळी मोजलेला होता. तो तेवढा वाढला नव्हता. आर्गॉन सुटला. (याच आर्गॉनने पुढे अमेरिकेतल्या एलझेड प्रयोगाच्या पहिल्या मोजणीत खरोखर हजेरी लावली. तिथे तो ३५ दिवसांच्या हिशेबाने विरत गेला, त्यामुळे ओळखता आला.)

काळाची साक्ष झेनॉन-१टी ला वापरता आली नाही. पृथ्वी-सूर्य अंतर वर्षात सरासरीच्या साधारण ३.३ टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे सूर्यातून येणारा ओघ पावणेसात टक्क्यांच्या आसपास वरखाली व्हायला हवा. ट्रिटियम वर्षाला साडेपाच टक्के घटतं. आणि २८५ नोंदींच्या एकूण संख्येतच नैसर्गिक चढउतार ६ टक्क्यांचा. जादा नोंदी तर त्यातल्या फक्त ५३. असा फरक दिसणार कुठून?

३.४ सिग्मा कशाचे?

२३२ चं वर्गमूळ जवळपास १५. एवढा चढउतार नेहमीचाच, आणि त्यालाच एक सिग्मा म्हणतात. वर ५३. नुसत्या योगायोगाने इतकी उडी पडायची झाली तर ती साध्या भागाकाराने साडेतीन, नेमक्या हिशेबाने ३.३ सिग्माची. वर्णपटाचा आकारही हिशेबात घेतला की सौर ॲक्सिऑनच्या बाजूने पहिल्या मसुद्यात ३.५ आणि छापील लेखात ३.४ सिग्मा. गटाच्या निवेदनात हे ‘१०,००० मध्ये सुमारे २’ असं सांगितलं होतं, आणि तिथूनच गैरसमज पसरला. अनेकांनी त्याचा अर्थ लावला, ॲक्सिऑन नसण्याची शक्यता १०,००० त २. तो आकडा असं काही म्हणत नाही. तो म्हणतो: पार्श्वभूमीची यादी पूर्ण आणि बरोबर असेल, तर इतका उंचवटा केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता एवढी कमी आहे. यादीत अकरावी ओळ हवी होती का, याबद्दल आकड्याला काहीच माहीत नसतं.

पुरावा त्याच लेखात होता. त्याच नोंदींवर ट्रिटियम बसवलं तर त्याच्या बाजूने ३.२ सिग्मा. न्यूट्रिनोचं चुंबकी आघूर्ण बसवलं तर तेही ३.२. ट्रिटियम पार्श्वभूमीत धरून मग ॲक्सिऑन विचारला तर ३.४ चे २.० होतात, आणि चुंबकी आघूर्णाचे ०.९. कुठल्याही एका ऊर्जेला पडणारी रेषा शोधली तर २.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला स्थानिक हिशेबाने ४ सिग्मा, पण आलेखावर इतक्या ठिकाणी शोधलं हे धरलं की ३. मला वाटतं, हे सगळे आकडे एकाच लेखात शेजारीशेजारी छापणं हा त्या गटाचा मोठेपणा होता. वाचणाऱ्यांनी पहिलाच उचलला.

पुढच्या काही आठवड्यांत सैद्धांतिक शोधनिबंधांचा पाऊस पडला. एक मोठी अडचण मात्र बहुतेकांना वळसा घालून जावी लागत होती: उंचवट्यासाठी लागतात तितके ॲक्सिऑन सूर्यात बनत असतील, तर ते सगळ्याच ताऱ्यांतून ऊर्जा पळवतील, आणि श्वेतबटू आणि गोलाकार तारकागुच्छांतले तारे आज दिसतात त्यापेक्षा लवकर थंड व्हायला हवेत. आकाशाचा पुरावा उलट बाजूने होता.

किलोमागे तीन अणू

आता ट्रिटियम. हायड्रोजनचं हे किरणोत्सारी भावंड १२.३ वर्षांच्या अर्धायुष्याने फुटतं आणि कमाल १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सोडतं. वर्णपटाचा माथा २-३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे नेमका हव्या त्या जागी.

किती लागेल? टनामागे वर्षाला साधारण १५९ ऱ्हास. ट्रिटियमचे वर्षाला साडेपाच-पावणेसहा टक्के अणू फुटतात, तेव्हा टनात २,८०० च्या आसपास अणू असायला हवेत. किलोमागे तीनही भरत नाहीत. आणि एका किलो झेनॉनमध्ये स्वतःचे अणू असतात ४.६ गुणिले १० चा २४ वा घात इतके. असं प्रमाण मोजणारं दुसरं कोणतंही उपकरण नाही. संशयिताला पकडू शकणारं यंत्र एकच, आणि ते म्हणजे ज्याच्या आलेखावर वाद चाललाय तेच.

मग बाहेरून अंदाज बांधायचा. झेनॉन जमिनीवर असताना वैश्विक किरणांमुळे त्यात ट्रिटियम बनतं, पण शुद्धीकरणात हायड्रोजनसोबत तेही निघून जायला हवं. दुसरा मार्ग म्हणजे पात्राच्या भागांतून सावकाश सुटणारं पाणी आणि हायड्रोजन वायू. दोन्हींत नैसर्गिक ट्रिटियम असतं. पाण्याचं प्रमाण ठाऊक होतं. पाणी झेनॉनचा प्रकाश शोषतं, आणि प्रकाश स्वच्छ येत होता, म्हणजे पाणी अब्जात एकाच्या घरात. तेवढं पुरेसं नव्हतं. उरला हायड्रोजन. उंचवटा समजावायला अब्ज झेनॉन अणूंमागे ६० ते १२० रेणू लागले असते. हायड्रोजन प्रकाश शोषत नाही आणि त्याचं थेट मोजमाप केलेलं नव्हतं. लेखाचा निष्कर्ष म्हणून प्रामाणिकपणे अधांतरी राहिला: ट्रिटियम आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही.

दुसरं यंत्र

झेनॉन-१टी ची जागा झेनॉन-एनटी ने घेतली. तीच भूमिगत जागा, पण निरीक्षणाखाली ५.९ टन आणि ४९४ नळ्या. तरीही खरा फरक आकाराचा नव्हता. भागांची निवड किरणोत्सर्ग मोजून केली होती, आणि रेडॉन सतत वेगळा काढणारा ऊर्ध्वपातनाचा स्तंभ जोडला होता. त्यामुळे रेडॉन किलोमागे १.७ मायक्रोबेकेरेलवर आला: एका किलो झेनॉनमध्ये रेडॉनचा एक अणू फुटायला सरासरी जवळपास आठवडा.

ट्रिटियमसाठी वेगळी तयारी केली. झेनॉन भरण्याआधी यंत्र सुमारे तीन महिने निर्वातात ठेवून पाणी आणि हायड्रोजन उपसले, झेनॉन पुन्हा शुद्ध केला, आणि चालू यंत्रात हायड्रोजन पकडणारे शोषक बसवले. शिवाय एक उलटा प्रयोग केला, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत आवडतो. १४.३ दिवस हायड्रोजन काढणारी यंत्रणा वगळून झेनॉन फिरवला, म्हणजे हायड्रोजन किमान दहापट वाढेल असा अंदाज होता. ट्रिटियमचा हात असेल तर उंचवटा वाढलेला दिसायलाच हवा.

मुख्य मोजणी ९७.१ दिवसांची, १.१६ टन-वर्षांची (हिशेबात धरलेले टन गुणिले मोजणीची वर्षं). कमी ऊर्जेच्या नोंदी विश्लेषण पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत निकाल मांडला गेला. पार्श्वभूमी ७६ वरून १५.८ वर. उंचवटा नाही. हायड्रोजन वाढवलेल्या दिवसांतही नाही.

ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५३ जादा नोंदी खऱ्याच नव्या कणाच्या असत्या, तर ०.६५ ऐवजी १.१६ टन-वर्षांत त्या ९५ च्या घरात जायला हव्या होत्या. पार्श्वभूमी त्याच पट्ट्यात २३२ वरून ८५ च्या आसपास उतरली असती. ८५ चं वर्गमूळ ९. म्हणजे दहा सिग्माचा डोंगर दिसला असता, तोही जेमतेम तीन महिन्यांच्या मोजणीत. जुनंच यंत्र त्याच गोंगाटात चालवून दहा सिग्मा गाठायला आठ-नऊ वर्षं गेली असती. तरी गटाने जुना उंचवटा २.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा मानून तो सुमारे ४ सिग्मानेच नाकारला, दहाने नाही. कारण सरळ आहे: नाकारायची गोष्टच मुळात तीन-साडेतीन सिग्माइतपतच पक्की होती, ५३ च्या जागी खरा आकडा ३० असू शकला असता. धूसर दाव्याचं खंडनही त्याच्याइतकंच धूसर राहतं.

मग झेनॉन-१टी त ट्रिटियमच होतं का? तीच शक्यता सर्वांत पुढे आहे, पण सिद्ध कोणी केलेली नाही, आणि ते यंत्र आता शिल्लक नाही. झेनॉन-एनटी ने एवढंच ठरवलं की उंचवटा सूर्याचा किंवा आकाशाचा असता तर तो दुसऱ्या यंत्रातही आला असता.

जुलै २०२४ मध्ये याच झेनॉन-एनटी ने आणखी एक क्षीण संकेत मांडला: सूर्यातल्या बोरॉन-८ चे न्यूट्रिनो झेनॉनच्या केंद्रकाला हलकेच ढकलतात त्याच्या खुणा. ३.५१ टन-वर्षांत पार्श्वभूमीच्या २६.४ नोंदी अपेक्षित होत्या, मिळाल्या ३७; २.७३ सिग्मा. चीनमधल्या पँडाएक्स-४टी ने त्याच सुमारास २.६४ सिग्मा सांगितले. २०२० च्या उंचवट्यापेक्षा दोन्ही आकडे लहान, तरी या वेळी कोणी वाद घातला नाही. हे न्यूट्रिनो आधीपासून ओळखीचे आहेत, त्यांच्या साधारण १२ नोंदी याव्यात हे आधीच काढून ठेवलं होतं, आणि जवळपास तेवढ्याच आल्या. गोंगाट मात्र या वेळी रेडॉनचा नव्हता. त्या २६.४ पैकी बहुतेक नोंदी कुठलाही कण न आदळता झालेल्या: एक सुटी पहिली चमक आणि तिच्याशी संबंध नसलेली एक सुटी दुसरी चमक, योगायोगाने एकापाठोपाठ पडलेल्या.